पेरले ते उगवले नाही

‘पेरावे तसे उगवते’ ही म्हण यवतमाळ जिल्ह्यात दर दोन-चार वर्षांनी डोळ्यांदेखत खोटी ठरते. मृगात पहिला पाऊस पडतो, शेतकरी उसनवारीने आणलेले सरकीचे पाकीट फोडतो, पेरतो. मग पाऊस वीस दिवस तोंड फिरवतो. अंकुर करपतात, दुबार पेरणी होते, कधी तिबार. कधी बियाणेच बोगस निघते. कधी सगळे जमून येते, पऱ्हाटी डोक्याएवढी होते आणि बोंड फोडून पाहावे तर आत गुलाबी अळी. २०१७ साली तेच झाले. आणि अळीतूनही जो कापूस घरी आला त्याचा भाव शेतकऱ्याने ठरवलेला नसतो. राळेगाव, कळंब, मारेगाव, केळापूर, झरी जामणी, कुठल्याही तालुक्यात जा, माणसाने चांगले पेरलेले असते आणि त्याच्या पदरात काहीच पडलेले नसते.

तरीही तो माणूस गळफास घेतो किंवा फवारणीचे औषध पितो तेव्हा गाव काय म्हणते? मी अशा तेरवीला बसलो आहे. ओट्यावर बाप्ये, आत बाया. कुणी तरी सुस्कारा टाकतो, ‘करम फुटलं बापा त्याचं.’ दुसरा म्हणतो, ‘भोग होते, भोगले. मागल्या जन्माचं देणं असंन.’ आतल्या खोलीत तिशीतली बाई भिंतीला टेकून बसलेली असते. तिच्याबद्दलची कुजबूज याहून वाईट असते. पांढऱ्या पायाची, ती घरात आली आणि घर बसलं. बोलणारी माणसे दुष्ट नसतात. त्यांनीच सरणाची लाकडे वाहिलेली असतात, त्यांनीच पोरांना दोन दिवस जेवू घातलेले असते. पण त्यांच्या तोंडी जे वाक्य येते ते शेकडो वर्षांचे आहे, आणि त्या वाक्याने बँक, बियाण्याचा व्यापारी, बाजारभाव, सावकार, सरकार आणि स्वतः गाव, सगळ्यांची एका दमात सुटका होते. उरतो एक मेलेला माणूस आणि त्याचा मागला जन्म, ज्याची साक्ष कुणीच काढू शकत नाही.

हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे.

या जिल्ह्यातच एका बाईने ते वाक्य भर सभेत नाकारले होते. ११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळला ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सुरू झाले. डॉ. अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या. उद्घाटनासाठी लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतले गेले, महाराष्ट्रभर त्यावर संताप उसळला, आणि अखेर उद्घाटनाचा मान कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे यांना मिळाला. त्यांच्या पतीने आत्महत्या केली होती. शेतकरी विधवांच्या ‘तेरवं’ या नाटकात त्या काम करीत होत्या. माइकसमोर उभ्या राहून त्या जे बोलल्या त्याचा आशय असा, की नवऱ्याचा पुढच्या जन्मावर विश्वास होता, पुढल्या खेपेला श्रीमंताघरी जन्म मिळेल या आशेने तो या जन्मातून निघून गेला. माझा मात्र पुनर्जन्मावर विश्वास नाही, मी याच जन्मात लढणार. मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांनी ते शब्द पहिल्या पानावर घेतले. मला वाटते, त्या दिवशी त्या मंचावर धर्मशास्त्रातला एक फार जुना वाद एका शेतकरी बाईने आपल्या संसाराची किंमत मोजून मांडला होता, आणि आम्ही त्याला भावनिक भाषण समजून टाळ्या वाजवून घरी गेलो.

तो वाद नीट समजून घ्यायला हवा, कारण कर्माचा विचार मुळात हीन नाही. बृहदारण्यक उपनिषदात आर्तभाग याज्ञवल्क्य ऋषीला विचारतो, माणूस मेल्यावर त्याचे उरते काय? याज्ञवल्क्य त्याचा हात धरून त्याला बाजूला नेतो आणि दोघे एकांतात कर्माविषयी बोलतात. यज्ञात किती तूप ओतले यापेक्षा माणूस वागला कसा हे महत्त्वाचे मानणारा तो विचार त्या काळी मोठी झेप होती. देवाच्या लहरीवर माणसाचे भवितव्य टांगलेले नाही, तुझ्या हातात काही आहे, असे तो सांगत होता. पुढे शास्त्रकारांनी संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे भाग पाडले. यातले क्रियमाण म्हणजे आज, आत्ता, माझ्या हातून घडणारे. १९३० साली लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला आणि शेकडो माणसे कायदा मोडायला पुढे आली, तेव्हा या जिल्ह्याने क्रियमाण कर्म काय असते ते दाखवले होते. त्या माणसांनी इंग्रजी राज्याला आपले प्रारब्ध मानले असते तर घराबाहेरही पडली नसती.

पण दुसरी धारही तितकीच जुनी आहे. छांदोग्य उपनिषदातच सांगितले आहे की चांगल्या वागणुकीचे लोक वरच्या वर्णात जन्मतात आणि वाईट वागणुकीचे कुत्र्याच्या, डुकराच्या किंवा चांडाळाच्या योनीत. एकदा हे मानले की समोरच्या माणसाचे दुःख हाच त्याच्या गुन्ह्याचा पुरावा होतो. वेगळी चौकशी नको, साक्ष नको. हे विष किती खोल गेले ते चोखामेळ्याच्या एका अभंगात दिसते. एवढा मोठा संत, पण आपला महार जन्म पूर्वी घडलेल्या कृष्णनिंदेचे फळ आहे असे तो स्वतःच सांगतो. ज्याला मंदिराबाहेर उभे केले त्याच्याच तोंडून त्याच्यावरचा आरोप वदवून घेणे, याहून पूर्ण विजय कुठल्या अन्यायाला मिळाला असेल? त्याची पत्नी सोयराबाई मात्र विटाळाशिवाय उत्पन्न झालेला देह कोणता, असे थेट विचारते. घरातल्या बाईने प्रश्न विचारायचा आणि घरातल्या पुरुषाने जन्माचा हिशेब पदरी घ्यायचा, हे राजूरच्या येडे यांच्या घरातही दिसले म्हणून मला ही जोडी आठवली.

कर्म मानणाऱ्यांतही सगळे असे नव्हते. सीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धांना विचारले, माणसाला जे सुखदुःख होते ते सारे पूर्वकर्मामुळेच होते असे काही लोक म्हणतात, आपले मत काय? बुद्धांनी पित्त, कफ, वात, ऋतुबदल, अपघात अशी कारणे मोजून दाखवली आणि सगळे पूर्वकर्मावर ढकलणारे लोक चुकतात असे स्पष्ट सांगितले. ऋतुबदल हे कारण त्या यादीत आहे, हे कोरडवाहू शेतकऱ्याच्या दारात उभे राहून वाचावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात हा प्रश्न आणखी धारेवर धरला. गरिबाची गरिबी त्याच्या मागल्या जन्मावर टाकण्याचा हेतू एकच असू शकतो, समाजाने आणि राज्याने आपली जबाबदारी झटकणे, असे त्यांचे म्हणणे आहे. हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. मी वर ज्या तेरवीचे वर्णन केले ती त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षांनी बसली होती.

आता कर्माच्या या हिशेबाला छेद देणाऱ्या, ख्रिस्ती धर्मातल्या कृपेकडे वळू. हा विषय यवतमाळला परका नाही. फ्री मेथॉडिस्ट मिशनऱ्यांचे काम इथे पिढ्यान्‌पिढ्या चालले, उमरीच्या मिशन हॉस्पिटलात सगळ्या जातींचे रुग्ण गेले, आणि १९५३ साली इथेच युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली, जी १९८३ मध्ये पुण्याला हलली. म्हणजे तीस वर्षे या कापसाच्या गावात देशभरातून आलेले तरुण कृपेचा सिद्धान्त शिकत होते. त्या सिद्धान्ताचे सार असे, की माणसाला जे मिळते ते त्याच्या लायकीच्या हिशेबाने मिळत नाही. देव फेडून घेत नाही, देऊन टाकतो. घेणाऱ्याची पात्रता आधी तपासत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात एक जन्मांध माणूस येतो. शिष्य विचारतात, गुरुजी, पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे? अगदी आमच्या ओट्यावरचा प्रश्न. येशू उत्तर देतो, याचेही नाही आणि आईबापांचेही नाही. आणि पुढे चर्चा न वाढवता तो त्याच्या डोळ्यांना हात लावतो. लूकच्या शुभवर्तमानात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती इतरांपेक्षा अधिक पापी होती असे वाटते का तुम्हाला, असे विचारून येशू स्वतःच नाही म्हणतो. पण यवतमाळच्या माणसाला सगळ्यात जवळची वाटेल ती द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट. तो पहाटे बाजारात जाऊन मजूर ठरवतो, पुन्हा नऊला जातो, बाराला, तीनला, आणि शेवटी दिवस बुडायला आला तेव्हाही जातो. तिथे काही जण अजून उभेच असतात. का उभे आहात? कुणी कामाला लावलेच नाही. मालक त्यांनाही मळ्यात पाठवतो आणि संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखाच, पूर्ण दिवसाचा रोज ठेवतो. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. आमच्याकडे कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. म्हातारीने कमी वेचला की तिला कमी. बाजार म्हणून तो हिशेब बरोबर असेल, पण म्हातारीच्या पोटाला भाकर तितकीच लागते. त्या मालकाने पोट पाहिले.

पंडिता रमाबाईंना हेच भिडले होते. त्यांचे आईवडील १८७०च्या दशकातल्या दुष्काळात, तीर्थामागून तीर्थे फिरत, उपासमारीने गेले. पुढे ‘द हाय कास्ट हिंदू वूमन’ या १८८७च्या पुस्तकात त्यांनी लिहिले की वैधव्य ही बाईच्या पूर्वजन्मातल्या घोर पापाची शिक्षा मानली जाते. त्या स्वतः विधवा होत्या, हे कलम कुणावर लागते ते त्यांना पुस्तकातून कळायचे नव्हते. इंग्लंडात फुलहॅम इथे त्यांनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती जोगिणी मायेने सांभाळताना पाहिल्या, आणि आपल्या देशात अशा बायांसाठी शिक्षेखेरीज काही का नाही, हा प्रश्न त्यांच्या मनात रुतला. १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. केडगावला मुक्ती सदन उभे राहिले आणि १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली तिथे आणल्या गेल्या. रमाबाईंनी धर्म बदलला याबद्दल महाराष्ट्राने त्यांना फार बोल लावले. त्या मुलींना त्याआधी कोण पोसत होते, याचे उत्तर बोल लावणाऱ्यांनी दिले नाही.

मी हे लिहितो ते कुणाला धर्मांतराला बोलावण्यासाठी नाही. कृपेचा धर्म सांगणाऱ्यांचे हातही स्वच्छ नाहीत. १८४०च्या दशकात आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक सडले, लाखो माणसे अन्नावाचून मेली आणि मदतीचा कारभार ज्याच्या हाती होता त्या चार्ल्स ट्रेव्हेलियनने त्या दुष्काळात ईश्वरी योजना पाहिली. तो सश्रद्ध ख्रिस्ती होता. ओट्यावरचा म्हातारा आणि लंडनच्या कचेरीतला तो अधिकारी एकच बोलत होते: वरून आले आहे, आपण मध्ये पडू नये. आपल्याच देशात काही ठिकाणी दलित ख्रिस्ती माणसाला वेगळ्या दफनभूमीत पुरतात. कृपा मिळालेल्याला सहा फूट जमीन मात्र जातीने मिळते. आणि उलट बाजूने, कृपा आमच्या घरातही जुनी आहे. ज्ञानेश्वरांनी १२९० साली ज्ञानेश्वरी पूर्ण करून जे मागितले त्याचे नावच पसायदान, प्रसादाचे दान. संन्याशाची पोरे म्हणून ज्यांना वाळीत टाकले त्यांच्यातल्या या एकाने दुष्टांना शिक्षा मागितली नाही, त्यांचा वाकडेपणा जावा एवढेच मागितले. आम्ही ते शाळेत रोज म्हणतो.

मग अडते कुठे? अडते ते कागदावर. मराठी बायबलात ज्याला कृपा म्हणतात त्याला आपल्या सरकारी मराठीत अनुग्रह हा शब्द आहे. हक्क म्हणून नव्हे तर दया म्हणून दिलेल्या रकमेला सरकार ‘सानुग्रह अनुदान’ म्हणते. इतका सुंदर शब्द. आता त्या शब्दामागची वाट पाहा. शेतकरी मेला की तलाठी येतो, पोलीस येतात, पंचनामा होतो, अहवाल तहसीलला जातो, तिथून जिल्हा समितीपुढे. २००६च्या शासन निर्णयापासून निकष ठरले आहेत: जमिनीचा सातबारा हवा, कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे, वसुलीचा तगादा हवा. मग यादी लागते. नावापुढे एक शब्द असतो, पात्र किंवा अपात्र.

पात्र ठरलेल्या घराला १ लाख रुपये. त्यातले ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत.

आणि अपात्र कोण? ज्याने मक्त्याने किंवा बटईने शेती केली तो. वनजमीन कसणारा, पट्ट्याची वाट पाहणारा कोलाम. ज्याने परवाना नसलेल्या सावकाराकडून, म्हणजे ज्याला बँकेने दारातही उभे केले नाही म्हणून, कर्ज घेतले तो. आणि बाई तर बहुधा शेतकरी म्हणून मोजलीच जात नाही, कारण ती आयुष्यभर शेतात राबली तरी जमीन तिच्या नावावर नसते. जो जितका अधिक नाडलेला तितका अपात्र ठरण्याचा संभव अधिक. माणूस मेल्यानंतर त्याच्या कर्माचा हिशेब मांडून त्याची गती ठरवणारा चित्रगुप्त आम्ही पुराणात ऐकला होता. त्याची वही आम्ही लोकशाहीत समितीच्या टेबलावर आणून ठेवली आणि वर अनुग्रह हे नाव छापले. निकष नसावेत असे मी म्हणत नाही. सरकारी पैशाला नियम लागतो. पण बाप गेलेल्या पोराच्या फीची गरज बापाने कर्ज कुठल्या खिडकीतून काढले यावर कशी ठरते? हा प्रश्न अपात्र यादीवर सही करणाऱ्याने स्वतःला एकदा तरी विचारावा.

२०१७च्या फवारणीच्या वेळीही हाच चित्रगुप्त बोलला. पऱ्हाटी माणसाच्या वर गेली होती, पंप पाठीवर, औषध तोंडावर पडत होते. जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले, शेकडो दवाखान्यात पडले, कित्येकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. आणि पहिले स्पष्टीकरण काय आले? यांनी मास्क लावला नाही, हातमोजे घातले नाहीत. चूक मरणाऱ्याची. रोजाने फवारायला गेलेल्या मजुराला मास्क कुणी द्यायचा होता, औषधांचे मिश्रण कुणी कुणाला विकले, हे प्रश्न फार उशिरा आले.

आम्ही सुशिक्षित माणसे स्वतःच्या बाबतीत असे वागत नाही. आमचा मुलगा नापास झाला तर पेपर कठीण होता. आमचा धंदा बुडाला तर मंदी होती, आणि बँकेने तडजोड करून व्याज सोडावे अशी आमची अपेक्षा असते; मोठ्यांची मोठी कर्जे निर्लेखित होतात तेव्हा त्यांच्या पूर्वजन्माची चौकशी कुणी करीत नाही. स्वतःसाठी आम्ही कृपा मागतो, देवाकडे, बँकेकडे, साहेबाकडे. कर्माचा कठोर कायदा आम्ही शेजाऱ्यासाठी राखून ठेवला आहे, आणि तो शेजारी जेवढा गरीब तेवढा तो कायदा कडक. हे अधर्माचे वागणे आहे. याज्ञवल्क्याच्या कर्मातही ते बसत नाही, बुद्धाच्या नाही, येशूच्या तर नाहीच. तिघांनाही विचारले तर कर्म हे मी माझ्या हातांकडे बघून म्हणायचे आहे, दुसऱ्याच्या कपाळाकडे बघून नाही.

१९ मार्च १९८६ रोजी याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. दर वर्षी त्या तारखेला महाराष्ट्रात काही माणसे दिवसभर अन्न घेत नाहीत. चांगली गोष्ट आहे, मीही पाळतो. पण एक दिवस उपाशी राहून संध्याकाळी पुन्हा ‘भोग होते’ म्हणायचे असेल तर तो उपवास कशासाठी? त्या सहा जणांत चार लेकरे होती. त्यांनी मागल्या जन्मी काय केले होते, हे ज्याला माहीत असेल त्याने पुढे यावे.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. ठरावाला पैसा लागत नाही, समिती लागत नाही, सातबारा लागत नाही. यवतमाळच्या प्रत्येक गावाने तो ठराव करावा आणि त्या ठरावाच्या खाली, आमच्या गावात आत्महत्या केलेल्या कोणत्याही माणसाचे घर अपात्र नाही, ही एक ओळ स्वतःच्या हाताने लिहावी. त्या घराची पेरणी गावाने पहिल्या वर्षी करून द्यावी. बैलजोडी असणारे गावात अजून आहेत.

आणि वाचणाऱ्या बहिणींना एक विनंती. वैशाली येडे मंचावर उभ्या राहिल्या तेव्हा संक्रांत तोंडावर होती. टाळ्या वाजवून आपण घरी आलो आणि त्याच आठवड्यात आपापल्या आळीत हळदीकुंकू केले. तिथे कुणाला बोलावले नाही ते तुम्हाला ठाऊक आहे. येत्या संक्रांतीला आपल्या आळीतल्या त्या विधवेच्या घरी जा, उंबऱ्यावरून नका परतू, आत जा, आणि पहिले वाण तिच्या हातात द्या.